रुळांचे छायाचित्र आणि दुसऱ्याची हद्द

आगगाडीचे छायाचित्र कसे काढावे, हे शिकविण्याचा अधिकार आम्हाला नाही. आमची हयात द्वारसभा, मागण्यांचे मसुदे आणि साहेबांच्या दालनाबाहेरची बाके यांतच गेली. तथापि छायाचित्र काढताना माणसाने कोठे उभे राहावे, कोणाला विचारावे आणि कोठे कॅमेरा खाली ठेवावा, याविषयी आम्हाला चार शब्द सांगावयाचे आहेत. कारण या बाबतीत झालेल्या चुकीची किंमत छायाचित्रकार क्वचितच देतो. ती बहुधा दुसऱ्या कोणाला तरी द्यावी लागते.

एक प्रसंग सांगतो. मे महिन्याचे दिवस होते. नागपूरचा मे म्हणजे काय, हे महालातल्या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाही. उन्हाने रूळ तापून लांबतात, कधी कधी वाकडे होतात. म्हणून या दिवसांत रूळकामगारांना भर दुपारी रुळांवरून पायी गस्त घालावी लागते. असाच एक कामगार गस्त आटोपून, भाकर खाऊन, बाभळीच्या सावलीत अर्धा तास आडवा झाला होता. त्याच वेळी गाडीचे चित्र टिपण्यासाठी आलेल्या एका तरुणाने त्याचेही चित्र टिपले. मागे चकाकणारे रूळ आणि पुढे डोक्याखाली फावडे घेऊन निजलेला माणूस, असे ते चित्र होते. ते या हातातून त्या हातात गेले आणि एका वर्तमानपत्रात छापून आले. खाली मथळा होता : 'रूळ तापले, कामगार झोपले.'

चार दिवसांत त्या कामगाराला कारणे दाखवा नोटीस मिळाली. तो आमच्याकडे आला तेव्हा एवढेच म्हणाला, "साहेब, मी झोपलो नव्हतो जी. पाठ टेकली होती." त्या दिवसाचा कामाचा तक्ता, मुकादमाचा जबाब, जेवणाच्या सुटीची वेळ, हे सारे आम्ही वरिष्ठांपुढे मांडले. नोटीस मागे घेतली गेली, पण त्याला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत गावातल्या प्रत्येकाने ते चित्र पाहिले होते. मागे घेतलेली नोटीस मात्र कोणी पाहिली नाही.

पुढे तो तरुण आम्हाला भेटला. भला मुलगा होता. त्याच्या मनात काही वाईट नव्हते. तो म्हणाला, "काका, मला वाटलं रेल्वेची जागा आहे, सगळ्यांचीच. विचारायचं कोणाला?"

हा प्रश्न आम्ही मनात ठेवला. आजचे आमचे बोलणे म्हणजे त्याला दिलेले उशिराचे उत्तर होय.

रेल्वे सगळ्यांची आहे हे खरे. जनतेच्या पैशावर ती उभी आहे. परंतु जी वस्तू सगळ्यांची, तिच्यात वाटेल तेव्हा वाटेल तेथे शिरण्याचा हक्क प्रत्येकाला असतो, असे मात्र नाही. सरकारी इस्पितळ आपले असते, म्हणून आपण शस्त्रक्रियेच्या खोलीत जात नाही. नगरपालिकेची विहीर आपली असते, म्हणून तिच्यात पाय धूत नाही. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे निर्नायकी मालमत्ता नव्हे. सर्वांच्या वतीने कोणीतरी तिची राखण करीत असतो आणि त्याच्या शब्दाला तेथे मान असतो.

कायदाही हेच सांगतो. रेल्वे अधिनियम १९८९ याच्या १४७ व्या कलमान्वये, अधिकाराशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरणे, किंवा रीतसर शिरल्यावर तिचा गैरवापर करणे अथवा बाहेर जाण्यास सांगितल्यावर नकार देणे, हा गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रवासाचे किंवा फलाटाचे तिकीट घेतले की आपण फलाटावर रीतसर पाहुणे झालो. पण ते तिकीट रुळांचे नव्हे, यार्डाचे नव्हे, आणि इंजिनशेडचे तर नव्हेच. हौसेखातर फलाटावरून काढलेले चित्र आणि धंद्यासाठी केलेले चित्रण यांतही रेल्वे भेद करते; दुसऱ्यासाठी आधी अर्ज, परवानगी आणि शुल्क लागते, आणि त्यासाठी जनसंपर्क अधिकाऱ्याकडे जावे लागते. शिवाय १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहेच. शासनाने अधिसूचना काढून एखादा रेल्वेमार्ग किंवा पूल निषिद्ध ठिकाण म्हणून जाहीर केला, तर तेथे कॅमेरा काढणे ही हौस राहात नाही. असा फलक दिसला की वाद न घालता पुढे निघावे.

आपल्या नागपुराला या बाबतीत मोह फार. १८६७ साली मुंबईकडची गाडी येथे पोहोचली. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने पूर्वेची वाट उघडली. उत्तरेस इटारसी आणि दक्षिणेस बल्लारशहा यांकडे मार्ग गेले. देशाचे चौरस्ते येथे मिळतात. रूळ एकमेकांना छेदतात ती 'डायमंड क्रॉसिंग'ची जागा पाहण्याची ओढ गावोगावच्या हौशी लोकांना असते. परंतु ती जागा चालत्या रेल्वेच्या पोटात आहे. गाडीत बसून, खिडकीतून ती जेवढी दिसेल तेवढी आपली. रुळांत उतरून पाहिलेली नव्हे.

रेल्वेला खासगी मालक असतो काय, असेही कोणी विचारील. आपल्या विदर्भातच त्याचे उत्तर आहे. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी सुमारे १९० किलोमीटरची अरुंद रुळांची 'शकुंतला' आपण सारे जाणतो. हा मार्ग किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने स्थापिलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. वऱ्हाडचा कापूस मोठ्या रुळांपर्यंत आणावा, तेथून मुंबईस आणि मुंबईहून विलायतेस न्यावा, यासाठी तो बांधला गेला. स्वातंत्र्यानंतर देशातील रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, पण ही कंपनीचीच राहिली. गाडी चालवी मध्य रेल्वे, आणि मार्गाच्या मालकीबद्दल मोबदला मिळे कंपनीस. अशी तऱ्हा कित्येक दशके होती. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ च्या एप्रिलपर्यंत ओढीत होते. मग डिझेलचे आले. आता छोट्या रुळांवरची ती गाडी बंद आहे.

या शकुंतलेपुढे कॅमेरा धरणाऱ्याने परवानगी कोणाची मागावी? कागदावरची मालक कंपनी, चालविणारी मध्य रेल्वे, आणि 'आमची शकुंतला' म्हणणारे यवतमाळ-दारव्ह्याचे लोक. आम्हाला वाटते, या तिघांचाही हक्क निरनिराळ्या प्रकारचा आहे आणि तिघांचाही मान राखला पाहिजे. मालकाचा मान म्हणजे त्याच्या वस्तूस हात न लावणे. चालविणाराचा मान म्हणजे त्याच्या कामात अडथळा न आणणे. आणि लोकांचा मान म्हणजे त्यांच्या गरिबीच्या गाडीची थट्टा करणारे चित्र न काढणे. गाडी ओस पडली म्हणून ती बेवारशी होत नाही. बंद स्थानकातली पितळी घंटा, इंजिनावरची नावाची पाटी, जुना कंदील, ही 'आठवण' म्हणून पिशवीत घालणारे लोक आहेत. त्यांनी ध्यानात ठेवावे की, रेल्वेची चोरीची मालमत्ता बाळगण्याविरुद्ध १९६६ सालचा स्वतंत्र कायदा आहे आणि पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आठवण चित्रात न्यावी. वस्तू जागेवर राहू द्यावी.

आता रुळांच्या बाजूच्या जमिनीकडे वळू. रेल्वेची हद्द संपते तेथे रिकामी जागा सुरू होत नाही. तेथे कोणाचे तरी वावर सुरू होते. काटोल-नरखेडकडे गेलात तर संत्र्याची बाग, उमरेड-भिवापूरकडे गेलात तर मिरची आणि धान. इतवारीहून नागभीडला जाणारी आपली छोटी लाईन नोव्हेंबर २०१९ मध्ये मोठ्या रुळांच्या कामासाठी बंद झाली. शेवटच्या दिवसांत तिचे दर्शन घेण्यास आम्हीही गेलो होतो. गाडी वळणावरून येताना दिसावी म्हणून काही मंडळी रस्त्यावरून थेट धानाच्या बांधीत उतरली. धान कापणीला आलेले होते. शेताचा धनी धुऱ्यावर उभा होता. तो रागावला नाही, म्हणाला, "भाऊ, या ना जी, पन धुऱ्यानं या. धान झडते." त्याचे शेवटचे दोन शब्द त्या मंडळींना कळले नसावेत. पिकलेल्या धानाला धक्का लागला की लोंबीचे दाणे मातीत गळतात. ते वेचून होत नाहीत. दहा माणसे एकदा बांधीतून गेली तर त्याच्या वर्षाच्या कमाईतून किती पसे गेले, याचा हिशेब कोणी केला नाही. त्यांनी आधी विचारले असते तर त्याने धुऱ्यावरची चांगली जागा आपणहून दाखविली असती. गाडी कोणत्या वळणावर चांगली दिसते, हे त्याच्याहून अधिक कोणास ठाऊक?

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर दुसऱ्याच्या शेतात पाय ठेवणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमातील अतिक्रमणासाठी गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमानाचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. आणि चित्र काढणाराचा हेतू तसा नसतो. परंतु येथेच कायदा आणि शिष्टाचार यांतला फरक दिसतो. कायदा हेतू पाहतो, शिष्टाचाराला परिणामही पाहावा लागतो. हेतू कितीही निर्मळ असला तरी झडलेले धान परत लोंबीला लागत नाही. म्हणून कुंपण असो वा नसो, फाटकाला कुलूप असो वा नसो, धनी दिसला तर विचारावे, आणि न दिसला तर बाहेर राहावे. उघडलेले फाटक पुन्हा लावून घ्यावे. नाही तर मागून जनावर शिरते. चित्रात आड येते म्हणून दुसऱ्याच्या झाडाची फांदी मोडू नये. हे सांगावे लागते याचे दुःख वाटते, पण सांगावे लागते.

जमिनीपेक्षाही नाजूक हद्द माणसाची असते. रेल्वेच्या क्वार्टरांची रांग बहुधा रुळांना लागून असते. तेथील अंगण म्हणजे कोणाची तरी मोरी, कोणाचे वाळवण, कोणाच्या बाळंतिणीची खाट. गाडीच्या चित्रात हे सारे येते, आणि काढणाराला ते 'जीवनदर्शन' वाटते. आत राहणाऱ्या बाईला काय वाटते, हे त्याने तिला विचारलेले नसते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्या पीठावर आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे हेही होते. तो निर्णय मुख्यतः शासन आणि नागरिक यांच्यासंबंधी आहे, हे खरे. पण जे शासनाने करू नये, ते शेजाऱ्याने खुशाल करावे, असे तर कोणी म्हणणार नाही.

कामावरच्या माणसाचेही तसेच. मुंबईहून पुण्याकडे येणारा बोरघाट १८६३ साली खुला झाला. त्या कामावर एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली मरण पावल्यावर त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट पुढे चालविले आणि त्या कामाची छायाचित्रेही काढली. रेल्वेचे छायाचित्रण आपल्या मुलखात इतके जुने आहे. त्या घाटाच्या इंजिनियरांची आणि कंत्राटदारांची नावे आज आपल्याला मिळतात. मजुरांची मिळत नाहीत. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी चित्रातल्या मजुराला नाव नसण्याची रीत कायम आहे. आमचे म्हणणे एवढेच : चित्र काढण्याआधी त्याला विचारा, काढल्यावर त्याला दाखवा, त्याने नको म्हटले तर पुसून टाका. छापायचे असेल तर तो काय काम करीत होता हे त्यालाच विचारून लिहा. त्या दुपारी त्या तरुणाने एवढे विचारले असते, तर 'गस्तीनंतरची विश्रांती' असा मथळा आला असता, आणि त्या चित्राने कामगाराचे कल्याणच केले असते.

आता सुरक्षिततेविषयी थोडे. कारण दुसऱ्याच्या मालमत्तेत दुसऱ्याचा जीवही येतो. ताशी १३० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३६ मीटर कापते. म्हणजे किलोमीटरभर दूर दिसलेली गाडी अर्ध्या मिनिटाच्या आत अंगावर असते. तिला ब्रेक लावले तरी थांबावयास किलोमीटरभर अंतर लागू शकते. विजेच्या इंजिनाची गाडी डिझेलच्या गाडीसारखी गरजत येत नाही, आणि ज्याचे लक्ष एका गाडीवर आहे त्याला शेजारच्या रुळावरची दुसरी ऐकू येत नाही. डोक्यावरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. तिला स्पर्श करावाच लागतो असे नाही, जवळ गेलेल्या काठीकडे वीज झेप घेते. म्हणून कॅमेऱ्याची लांब काठी फलाटावर उंच करू नये आणि उभ्या डब्याच्या टपावर कदापि चढू नये.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. रेल्वेच्या भाषेत लाल रंग म्हणजे धोका. इतकेच नव्हे तर झेंडी नसेल तेव्हा डोक्यावर उंच धरलेले दोन्ही हात किंवा रात्री जोराने हलविलेला पांढरा दिवा म्हणजेही 'थांबा' असाच अर्थ होतो. रुळाजवळ लाल रुमाल फडकावून किंवा दोन्ही हात उंचावून ड्रायव्हरचे लक्ष वेधणारा हौशी माणूस नकळत शेकडो प्रवाशांची गाडी थांबवू शकतो. रात्री समोरून टाकलेल्या झगझगीत प्रकाशाने ड्रायव्हरचे डोळे दिपतात, आणि ज्या क्षणी ते दिपतात त्याच क्षणी त्याला सिग्नल पाहावयाचा असतो. गाडी जर अशा माणसाला उडवून गेली, तर मेलेल्याचे दुःख त्याच्या घरच्यांना होतेच. पण ज्याच्या डोळ्यांसमोर ते घडले त्या ड्रायव्हरचे काय? अशी माणसे आम्ही पाहिली आहेत. चूक त्यांची नसते, तरी रात्रीची झोप त्यांचीच जाते.

एवढे सांगितल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाही तर आमचे बोलणे एकांगी होईल. कॅमेरा घेतलेला प्रत्येक मुलगा हेर किंवा उपद्रवी समजून त्याच्यावर खेकसणारे लोक रेल्वेत आहेत, आणि त्यांत आमचेही भाऊबंद आहेत. हे बरे नव्हे. नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन २०१५ साली बंद झाली. सातपुड्यातल्या सुमारे हजार किलोमीटरांच्या त्या जाळ्यावर आमच्या कामगारांच्या पिढ्यान्‌पिढ्या राबल्या. ती गाडी घाट कशी चढे, शेडमध्ये फिटर कसे काम करीत, हे आज ज्या चित्रांतून कळते त्यांतली कितीतरी हौशी लोकांनीच पदरमोड करून काढलेली आहेत. अशा माणसाला फलाटाच्या कोणत्या टोकाला उभे राहिल्यास चित्र चांगले येईल, हे दोन गोड शब्दांत सांगितल्याने कोणाचा अधिकार कमी होत नाही. विचारणाऱ्याला नीट उत्तर मिळाले, तर पुढचाही विचारील. प्रत्येक वेळी खेकसणेच मिळाले, तर तो न विचारता शिरण्यास शिकेल.

आणि हौशी मंडळींनाही आम्ही एक स्मरण देतो. तुमचे चित्र ही तुमचीही मालमत्ता आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने ती तुमची मानली आहे आणि तुमच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे तिला संरक्षण दिले आहे. तुमचे चित्र तुमच्या नावाशिवाय दुसऱ्याने छापले म्हणजे तुम्हाला जो संताप येतो, तो अगदी न्याय्य आहे. तोच संताप धानाच्या धन्याला येऊ शकतो, क्वार्टरातल्या बाईला येऊ शकतो आणि बाभळीखालच्या कामगारालाही येऊ शकतो.

ज्यांना मनसोक्त इंजिने पाहावयाची आहेत त्यांना फार लांब जावयास नको. मोतीबागेत २००२ च्या डिसेंबरात छोट्या रुळांचे संग्रहालय उघडले. तेथे जुनी इंजिने आणि डबे उभे आहेत. तेथे मुलांना घेऊन जावे, इंजिनाजवळ उभे करावे, हवी तेवढी चित्रे घ्यावीत. आणि तेथल्या राखणदारालाही आधी विचारावे, म्हणजे मुलांना लहानपणीच सवय लागेल.

"विचारायचं कोणाला?" असे त्या तरुणाने विचारले होते. त्याला आज आम्ही सांगू : तेथे जो उभा असेल त्याला. फलाटावर स्टेशन मास्तरला, फाटकावर गेटमनला, वावरात धन्याला, अंगणात घरच्या बाईला. आणि सावलीत कोणी पाठ टेकली असेल तर त्याची झोपमोड करू नये. चित्र काढावयाचेच असेल तर तो उठेपर्यंत थांबावे. सावली पुरेल एवढी असली, तर शेजारी बसण्यासही हरकत नाही.